हॅरी हॉपकिन्स यांना एका वाक्यात उरकू नये

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

आपल्या रविवारच्या पुरवणीत दुसऱ्या महायुद्धातील राष्ट्रनेत्यांवर जी लेखमाला चालू आहे, ती मी पहिल्या भागापासून वाचत आलो आहे. मराठीत, आणि तेही गोव्यातून निघणाऱ्या दैनिकात, या विषयावर इतक्या नेटाने लिहिले जावे याचा मला मनापासून आनंद आहे. अमेरिकेचे अध्यक्ष फ्रँकलिन रूझवेल्ट यांच्यावरील लेखही मेहनतीने लिहिलेला होता. मात्र त्या लेखात हॅरी हॉपकिन्स यांची बोळवण एका वाक्यात झाली आहे. अध्यक्षांच्या मर्जीतले एक गृहस्थ, जे व्हाइट हाउसमध्येच येऊन राहिले होते आणि ज्यांच्या शब्दाला मंत्र्यांच्या शब्दापेक्षा अधिक वजन होते, एवढाच त्यांचा परिचय वाचकाला मिळतो. यातले एकही विधान खोटे नाही. तरीही ते वाक्य वाचून डोळ्यांसमोर उभा राहतो तो सत्ताधीशाच्या वळचणीला राहून स्वतःचे बस्तान बसवणारा खुशमस्कऱ्या. हॉपकिन्स तसे नव्हते, म्हणून हे पत्र. ते बरेच लांबले आहे, पण आपण जागा द्याल अशी आशा करतो.

माझी सारी नोकरी सरकारी कचेरीत गेली, आधी पणजीच्या आदिलशाही राजवाड्यातील सचिवालयात आणि पुढे पर्वरीला. मंत्र्यांच्या दालनाबाहेरच्या बाकांवर सकाळपासून बसलेली माणसे मी रोज पाहिली आहेत. हातात प्लास्टिकच्या पिशवीत जपून ठेवलेला अर्ज, त्याला जोडलेल्या झेरॉक्स प्रती, आणि आतून कोणी बाहेर आले की सगळ्यांच्या नजरा एकदम त्याच्याकडे वळायच्या. ‘साहेबांच्या कानावर घाला’ हे शब्द तर दिवसातून कितीदा ऐकू येत. गोवा लहान राज्य आहे. मंत्री कोणत्या गावचा आणि त्याच्या जवळचा माणूस कोणत्या वाड्यावरचा, हे आपल्याला तोंडपाठ असते, आणि त्या जवळच्या माणसाबद्दल आपले मत बहुधा बरे नसते. तसे मत होण्यास कारणेही घडलेली असतात. म्हणूनच एका राष्ट्राध्यक्षाच्या सर्वांत निकटच्या सहायकाविषयी लिहिताना जरा थांबून, त्या निकटतेचे त्याने काय केले हे वाचकांपुढे मांडायला हवे होते असे मला वाटते.

हॉपकिन्स यांचा जन्म १७ ऑगस्ट १८९० रोजी आयोवा राज्यातील सू सिटी येथे झाला. वडील घोड्यांचे खोगीर-लगाम बनवून विकत, आई धर्मकार्याला वाहून घेतलेली मेथडिस्ट पंथाची बाई. घरात पैसा नव्हता आणि ओळखीपाळखीही नव्हत्या. ग्रिनेल येथील कॉलेजातून १९१२ साली पदवी घेतल्यावर ते न्यूयॉर्कला आले आणि लोअर ईस्ट साइड या भागातील एका सेवाकेंद्रात काम करू लागले. पूर्व आणि दक्षिण युरोपातून बोटीने आलेली गरीब कुटुंबे तिथे एकेका खोलीत दाटीवाटीने राहत असत. मध्य-पश्चिमेच्या शेतीमुलखातून आलेल्या या तरुणाने शहरी दारिद्र्य पहिल्यांदा पाहिले ते तिथे, आणि पुढची जवळजवळ वीस वर्षे तेच त्यांचे कार्यक्षेत्र राहिले. निराधार मुले असलेल्या विधवांना शहराकडून निवृत्तिवेतन देण्याची व्यवस्था त्यांनी पाहिली, पहिल्या महायुद्धाच्या काळात न्यू ऑर्लिन्सला रेडक्रॉसचे काम केले, आणि नंतर न्यूयॉर्कच्या क्षयरोग निवारण संस्थेचा कारभार सांभाळला. रूझवेल्ट यांच्याशी त्यांचा कामानिमित्त खरा संबंध आला तो १९३१ मध्ये. रूझवेल्ट तेव्हा न्यूयॉर्क राज्याचे गव्हर्नर होते आणि बेकारांना मदत देण्यासाठी त्यांनी जी राज्य यंत्रणा उभारली तिचा प्रत्यक्ष कारभार हॉपकिन्स यांच्याकडे आला. त्या वेळी त्यांनी वयाची चाळिशी ओलांडली होती. सत्तेच्या दारात ते पोचले ते इतक्या वर्षांच्या कामाच्या पुण्याईवर, आणि आपल्या लेखातील वाक्यात नेमका हाच भाग गळाला आहे.

१९३३ साली अमेरिकेत काय अवस्था होती हे थोडे सांगितले पाहिजे. काम करू शकणाऱ्या दर चार माणसांमागे सुमारे एक बेकार होता आणि बेकारांची एकूण संख्या सव्वा कोटीच्या वर गेली होती. बँका बुडालेल्या होत्या, आणि राज्यांकडे, नगरपालिकांकडे मदतीसाठी पैसाच उरला नव्हता. रूझवेल्ट यांनी मार्च महिन्यात अध्यक्षपद स्वीकारले आणि मे महिन्यात केंद्रीय मदत प्रशासनाची धुरा हॉपकिन्स यांच्याकडे दिली, हाताशी ५० कोटी डॉलर. पहिल्याच दिवशी, कार्यालयाची मांडामांड झालेली नसताना, त्यांनी व्हरांड्यात टेबल टाकून घेतले आणि राज्यांच्या गव्हर्नरांना तारा करायला सुरुवात केली. पहिल्या दोन तासांत त्यांनी ५० लाख डॉलरहून अधिक रक्कम मंजूर केली. वॉशिंग्टनच्या वर्तमानपत्रांनी त्यावर टीका केली, पैसा कसा उडतो आहे म्हणून मथळे दिले. सरकारी कचेरीत आयुष्य घालवलेला माणूस म्हणून मला या दोन तासांचे मोल फार वाटते. मंजुरीची फाईल एका टेबलावरून दुसऱ्या टेबलावर जाताना किती महिने जातात आणि त्या महिन्यांत अर्जदाराच्या घरी चूल कशी पेटते, हा प्रश्न फाईलच्या कोणत्याही पानावर लिहिलेला नसतो. अमुक योजना कालांतराने आपोआप फळाला येईल असे कोणीतरी सांगू लागताच हॉपकिन्स यांनी उत्तर दिले की माणसे कालांतराने जेवत नाहीत, रोज जेवतात. त्यांचे हे उत्तर अमेरिकेत अजूनही सांगितले जाते.

परंतु नुसते पैसे वाटून त्यांचे समाधान होत नव्हते. रांगेत उभे राहून मदत घेणाऱ्या माणसाचा आतून कसा चुराडा होतो हे त्यांनी न्यूयॉर्कच्या वस्त्यांमध्ये पाहिले होते. मदत देण्याआधी त्या माणसाच्या घरी जाऊन त्याच्या कोठीतले डबे तपासायचे, त्याला पैशांऐवजी किराण्याची चिठ्ठी द्यायची, या पद्धतीचा त्यांना तिटकारा होता. माणसाला काम द्यावे आणि कामाचा रोख मोबदला द्यावा, त्याने तो हवा तसा खर्च करावा, हा त्यांचा आग्रह होता. नोव्हेंबर १९३३ मध्ये सुरू झालेल्या तात्पुरत्या कार्यक्रमाखाली त्यांनी अवघ्या अडीच महिन्यांत ४० लाखांहून अधिक लोकांना कामावर घेतले. त्या कडाक्याच्या हिवाळ्यात रस्ते, शाळा, विमानतळ यांची कामे निघाली. खर्चाच्या भीतीने तो कार्यक्रम वसंत ऋतूत गुंडाळला गेला, पण त्यातूनच १९३५ मध्ये डब्ल्यूपीए या संक्षिप्त नावाने ओळखली जाणारी रोजगाराची मोठी योजना उभी राहिली. ती १९४३ मध्ये बंद होईपर्यंत तिच्यात सुमारे ८५ लाख माणसांनी काम केले, आणि साडेसहा लाख मैलांच्या आसपास रस्ते, सव्वा लाखाच्या आसपास सार्वजनिक इमारती, हजारो पूल आणि बागा तिच्यातून झाल्या. बायकांसाठी शिवणकामाच्या शाळा निघाल्या, मुलांना दुपारचे जेवण मिळू लागले.

मराठी वाचकाला या ठिकाणी १९७२ चा दुष्काळ आठवल्याशिवाय राहणार नाही. महाराष्ट्राची रोजगार हमी योजना, जिच्यासाठी वि. स. पागे यांनी आपली सारी प्रतिष्ठा पणाला लावली आणि जिला १९७७ मध्ये कायद्याचे रूप मिळाले, ती हॉपकिन्स यांच्या योजनेची नक्कल नव्हती. तिचा उगम आपल्याच मातीत झाला. पण भुकेल्या माणसाला भीक न घालता काम आणि दाम द्यावे, आणि ते लगेच द्यावे, हा विचार दोन्हीकडे सारखाच आहे. पुढे २००५ साली केंद्राने ग्रामीण रोजगाराचा जो कायदा केला त्यालाही हाच आधार होता. हॉपकिन्स यांची योजना कायद्याने दिलेली हमी मात्र नव्हती. संसदेने दिलेला पैसा संपला की माणसे घरी पाठवली जात, आणि मजुरीचे दर प्रदेशाप्रदेशांत वेगळे असल्याने दक्षिणेतील मजुराच्या, त्यातही कृष्णवर्णीय मजुराच्या, पदरी कमी पडे. योजनेचे गुणगान करताना हेही सांगितले पाहिजे.

गोव्यातल्या वाचकाला या योजनेचा आणखी एक भाग विशेष जवळचा वाटेल. हॉपकिन्स यांनी बेकारांमध्ये नट, चित्रकार, लेखक आणि वादक यांनाही धरले. कलावंतांवर सरकारी पैसा कशाला, असा आक्षेप आला तेव्हा त्यांनाही इतरांसारखेच पोट आहे, असे सांगून त्यांनी तो मोडून काढला. त्यांच्याच ग्रिनेल कॉलेजात शिकलेल्या हॅली फ्लॅनगन यांच्या हाती नाट्यविभाग सोपवला गेला. अल्प दरात, कित्येकदा फुकट, ज्यांनी आयुष्यात कधी रंगमंच पाहिला नव्हता अशा लाखो लोकांपर्यंत नाटक पोचले. न्यूयॉर्कच्या हार्लेम भागात निव्वळ कृष्णवर्णीय नटसंचाने केलेले शेक्सपिअरचे नाटक पाहायला रस्ते तुडुंब भरले. लेखकांच्या विभागाने गुलामगिरीत जन्मलेल्या वृद्ध स्त्री-पुरुषांच्या २,३०० हून अधिक मुलाखती टिपून ठेवल्या. त्या वेळी त्या घेतल्या नसत्या तर ती माणसे आपल्या आठवणींसकट नाहीशी झाली असती. ज्या भूमीत देवळासमोरच्या मांडवात रात्रभर संगीत नाटक चालते, ज्या गावात दशावताराला आणि तियात्राला घरटी माणूस हजर असतो, तिथल्या वाचकाला या कामाची थोरवी समजावून सांगावी लागणार नाही. दुर्दैवाने नाट्यविभागावर साम्यवादाचा आरोप ठेवून संसदेने १९३९ मध्ये त्याचा निधी तोडला.

आता दुसरी बाजू. १९३८ च्या निवडणुकांत केंटकी राज्यात योजनेच्या कामगारांवर राजकीय दबाव आणला गेल्याचे उघड झाले, आणि त्याचा परिणाम म्हणून पुढच्याच वर्षी केंद्र सरकारच्या नोकरांना निवडणूक प्रचारात भाग घेण्यास मनाई करणारा कायदा झाला. हॉपकिन्स यांनी स्वतः पैसा खाल्ला असे कोणी सिद्ध केले नाही, पण एवढी अवाढव्य योजना हाताखाली असताना तिचा राजकीय वापर रोखण्याची जबाबदारी त्यांचीच होती आणि तिथे ते कमी पडले. स्वतःलाही अध्यक्ष व्हावे असे त्या काळात त्यांना वाटू लागले होते आणि रूझवेल्ट यांनीही काही काळ त्यांची ही इच्छा फुलू दिली. डिसेंबर १९३८ मध्ये त्यांना वाणिज्य मंत्री केले गेले त्यामागे हेही एक कारण होते. मात्र त्याआधीच, १९३७ मध्ये, त्यांची दुसरी पत्नी कर्करोगाने वारली होती आणि काही आठवड्यांतच त्यांना स्वतःला जठराचा कर्करोग झाल्याचे निघाले. शस्त्रक्रियेत जठराचा मोठा भाग काढून टाकावा लागला. जीव वाचला, पण खाल्लेले अन्न अंगी लागेनासे झाले. मंत्रिपदाच्या काळातला बराचसा वेळ त्यांनी अंथरुणावर काढला, आणि अध्यक्षपदाचा विषय आपोआप संपला.

ते व्हाइट हाउसमध्ये राहायला कसे आले हे कळले की ‘मुक्काम ठोकला’ असे कोणी म्हणणार नाही. १० मे १९४० रोजी, ज्या दिवशी हिटलरचे सैन्य हॉलंड आणि बेल्जियममध्ये घुसले, त्या संध्याकाळी हॉपकिन्स रूझवेल्ट यांच्याकडे जेवायला होते. त्यांची प्रकृती इतकी बिघडलेली दिसली की रात्री इथेच राहा, असे अध्यक्षांनी त्यांना सांगितले. त्यांचा हा मुक्काम डिसेंबर १९४३ पर्यंत चालला. त्यांची धाकटी मुलगीही तिथेच राहिली. त्यांना मिळालेली खोली एके काळी अब्राहम लिंकन यांची अभ्यासिका होती आणि गुलाममुक्तीच्या जाहीरनाम्यावर लिंकन यांनी सही केली ती तिथेच. १९४० मध्ये मंत्रिपद सोडल्यावर या खोलीतील पत्ते खेळण्याचे घडीचे टेबल हेच त्यांचे कार्यालय झाले. मित्रराष्ट्रांना शस्त्रे, विमाने, धान्य आणि इंधन पुरवण्याचा लेंड-लीज नावाचा जो कार्यक्रम मार्च १९४१ मध्ये मंजूर झाला आणि ज्याखाली युद्ध संपेपर्यंत सुमारे ५,००० कोटी डॉलरची मदत गेली, त्याचे सुरुवातीचे धागे या टेबलावरून हलवले जात होते. हातात अध्यक्षांचे एक छोटेसे नियुक्तीपत्र, पाठीशी कोणतेही खाते नाही, हाताखाली मोजकी माणसे, आणि अंगात ताप.

याच सुमारास घडलेला एक प्रसंग मला फार महत्त्वाचा वाटतो. १९४० च्या निवडणुकीत रूझवेल्ट यांच्याकडून हरलेले वेंडेल विल्की जानेवारी १९४१ मध्ये त्यांना भेटायला आले आणि लोकांचा ज्याच्यावर एवढा रोष आहे तो माणूस तुम्ही जवळ का ठेवता, असे त्यांनी सरळ विचारले. रूझवेल्ट यांनी दाराकडे बोट दाखवून जे सांगितले त्याचा आशय असा होता की, उद्या तुम्ही या खुर्चीवर बसलात तर तुम्हालाही कळेल की त्या दारातून आत येणारा जवळजवळ प्रत्येकजण तुमच्याकडे काहीतरी मागायला येतो, हे काम किती एकाकी आहे हेही कळेल, आणि तुमची सेवा करण्यापलीकडे काहीही न मागणारा हॅरीसारखा माणूस जवळ असावा असे तुम्हालाही वाटेल. मंत्र्यांच्या दालनाबाहेरची ती बाके इतकी वर्षे पाहिल्यामुळे असेल, पण या उत्तराचा अर्थ मला नीट कळतो.

त्या भेटीच्या वेळी हॉपकिन्स लंडनमध्ये होते. न्यूयॉर्कहून ते विमानाने आधी लिस्बनला उतरले, म्हणजे जिथून त्या काळी आपल्या गोव्यावर हुकूम सुटत त्या सालाझारच्या तटस्थ राजधानीत, आणि तिथून बॉम्बवर्षाव झेलणाऱ्या इंग्लंडला गेले. १० जानेवारीला ते चर्चिल यांना पहिल्यांदा भेटले. दोघांचे सूर जुळले, आणि हॉपकिन्स सरळ मूळ मुद्द्याला हात घालतात म्हणून चर्चिल यांनी त्यांना ‘मुद्द्याच्या मुळाचे लॉर्ड’ अशी पदवीच देऊन टाकली. आठवडाभराने ग्लासगोच्या एका मेजवानीत हॉपकिन्स बोलायला उभे राहिले. अध्यक्षांना मी काय सांगणार हे तुम्हाला जाणून घ्यायचे असेल, असे म्हणून त्यांनी बायबलमधील रूथचे वचन म्हटले, जे आपल्या शेजारच्या ख्रिस्ती घरांतून अनेकांना पाठ असते: तू जाशील तिथे मी येईन, तुझे लोक ते माझे लोक, तुझा देव तो माझा देव. आणि मग हळू आवाजात स्वतःचे शब्द जोडले, ‘अगदी शेवटपर्यंत.’ चर्चिल यांच्या डोळ्यांत पाणी आले. अमेरिका तेव्हा युद्धात उतरलेली नव्हती, हे लक्षात घेतले म्हणजे त्या शब्दांचे वजन कळते.

जुलै १९४१ मधील मॉस्कोची फेरी त्याहून कठीण होती. हिटलरने रशियावर हल्ला करून महिना उलटला होता आणि रशिया काही आठवड्यांत कोसळेल असे लंडन-वॉशिंग्टनमधले बहुतेक लष्करी तज्ज्ञ सांगत होते. हॉपकिन्स स्कॉटलंडहून एका संथ समुद्री विमानातून निघाले आणि जर्मनव्याप्त नॉर्वेच्या उत्तर टोकाला वळसा घालून, वीस तासांहून अधिक प्रवास करून उत्तर रशियातील आर्चंगेल्स्क बंदराला पोचले. त्यातला बराचसा वेळ ते विमानाच्या शेपटीकडे, मशीनगनवाल्याच्या जागेवर बसून होते. ३० आणि ३१ जुलै रोजी ते स्टॅलिनशी बोलले. स्टॅलिनने विमानविरोधी तोफांबरोबर ॲल्युमिनियम मागितले, आणि ज्याला उद्या हरायचे आहे तो विमाने बांधायला ॲल्युमिनियम मागत नाही, एवढे हॉपकिन्स यांनी ओळखले. रशिया टिकेल, मदत पाठवा, हा त्यांचा अहवाल होता आणि तो खरा ठरला. परतताना त्यांच्या औषधांची पिशवी मॉस्कोतच राहिली. स्कॉटलंडच्या उत्तरेकडील स्कापा फ्लो या नौदल तळावर उतरेपर्यंत ते जवळजवळ बेशुद्धावस्थेत होते आणि त्यांना रक्त द्यावे लागले. तरीही काही दिवसांतच चर्चिल यांच्यासोबत ते युद्धनौकेवरून अटलांटिक ओलांडून गेले आणि रूझवेल्ट-चर्चिल यांची पहिली युद्धकालीन भेट घडून आली. त्या भेटीतून निघालेल्या अटलांटिक सनदेत, आपले सरकार कसे असावे हे ठरवण्याचा सर्व लोकांचा हक्क मान्य केला होता. महिनाभरातच चर्चिल यांनी पार्लमेंटमध्ये स्पष्ट केले की तो उल्लेख मुख्यतः नाझींच्या टाचेखालील युरोपासाठी होता आणि हिंदुस्थानचा प्रश्न वेगळा आहे.

इथे मी अशा एका प्रकरणाकडे येतो, जे हॉपकिन्स यांच्याबद्दल आदर असूनही मला सलते, आणि जे भारतीय वाचकांसाठी लिहिलेल्या लेखात यायलाच हवे होते. एप्रिल १९४२ मध्ये ब्रिटिश मंत्री सर स्टॅफर्ड क्रिप्स हिंदुस्थानच्या स्वराज्याबाबत दिल्लीत वाटाघाटी करत होते. रूझवेल्ट यांचे वैयक्तिक प्रतिनिधी म्हणून कर्नल लुई जॉन्सन त्या महिन्याच्या सुरुवातीस दिल्लीत दाखल झाले, आणि संरक्षण खात्याच्या अधिकारांवरून अडलेली चर्चा पुढे सरकावी म्हणून त्यांनी क्रिप्स आणि काँग्रेस यांच्यामध्ये तडजोडीचा मसुदा फिरवला. काही दिवस वाट निघेल असे वाटत होते. त्याच वेळी हॉपकिन्स अमेरिकेचे लष्करप्रमुख जनरल मार्शल यांच्यासह लंडनमध्ये होते आणि युरोपात फ्रान्सच्या किनाऱ्यावर आघाडी उघडण्यासाठी चर्चिल यांचे मन वळवत होते. जॉन्सन यांच्या हालचालींनी संतापलेल्या चर्चिल यांनी ९ एप्रिलला हॉपकिन्स यांना विचारणा केली, तेव्हा क्रिप्स यांच्या वाटाघाटींत मध्यस्थी करण्यासाठी अध्यक्षांनी जॉन्सन यांना पाठवलेले नाही, असे हॉपकिन्स यांनी सांगितले. जॉन्सन यांच्या पायाखालची सतरंजी त्या एका उत्तराने ओढली गेली. चर्चा फिसकटण्याची कारणे अनेक होती, चर्चिल आणि व्हाइसरॉय लिनलिथगो यांचा विरोध त्यांत सर्वांत मोठा, पण अमेरिकेच्या दडपणाची जी थोडीशी शक्यता होती ती त्या दिवशी संपली.

त्यानंतर दोन-तीन दिवसांनी, क्रिप्स यांचे जाणे लांबवावे आणि पुन्हा प्रयत्न व्हावा, असा रूझवेल्ट यांचा संदेश पहाटे तीनच्या सुमारास चर्चिल यांच्या हाती पडला, तेव्हाही हॉपकिन्स तिथे हजर होते. चर्चिल यांचा भडका उडाला. आपण पद सोडून देऊ, इथवर त्यांची भाषा गेली. युद्धाच्या सबंध काळात अध्यक्षांच्या कोणत्याही सूचनेवर चर्चिल इतके खवळले नाहीत जितके हिंदुस्थानविषयीच्या सूचनेवर, असे हॉपकिन्स यांनी पुढे म्हटले होते. त्यांना हे सगळे दिसत होते. पण आपल्या अध्यक्षांचे पहिले काम जर्मनीला हरवणे हे आहे आणि त्यासाठी चर्चिल दुखावता कामा नयेत, असा त्यांचा हिशेब होता, आणि त्या हिशेबात चाळीस कोटी माणसांचे स्वातंत्र्य मागे पडले. चार महिन्यांत ‘चले जाव’चा ठराव झाला आणि आपले नेते तुरुंगात गेले. न्यूयॉर्कच्या चाळींतली गरिबी ज्याने स्वतःच्या डोळ्यांनी पाहिली होती, त्याने हिंदुस्थान कधी तसा पाहिला नव्हता, असे मला वाटते. ज्या निष्ठेचे रूझवेल्ट यांनी विल्कींपुढे कौतुक केले तीच निष्ठा इथे आपल्या वाट्याला महाग पडली. निकटच्या सहायकाकडे स्वतःचे वेगळे धोरण नसते, तो आपल्या मालकाचा अग्रक्रम पुढे नेतो, आणि त्याच्या थोरवीची मर्यादाही तिथेच येते.

पुढचा भाग थोडक्यात सांगतो. कासाब्लांका, कैरो, तेहरान आणि यॉल्टा या सगळ्या परिषदांना ते अध्यक्षांबरोबर होते, यॉल्टाला तर बहुतेक वेळ अंथरुणातच. फेब्रुवारी १९४४ मध्ये त्यांचा अठरा वर्षांचा मुलगा स्टीफन पॅसिफिकमधील मार्शल बेटांवर मरीन सैनिक म्हणून लढताना मारला गेला. राष्ट्राध्यक्षांच्या घरात राहणाऱ्या माणसाने ठरवले असते तर मुलाला सुरक्षित जागा मिळवून देणे त्याला कठीण नव्हते, आणि आपल्याकडे लहानसहान बदलीसाठी जी पत्रे फिरतात ती पाहिलेल्या माणसाला यावर अधिक काही सांगायला नको. १२ एप्रिल १९४५ रोजी रूझवेल्ट गेले. इस्पितळातून उठून आलेल्या हॉपकिन्स यांना नवे अध्यक्ष ट्रूमन यांनी मे महिन्यात पुन्हा मॉस्कोला पाठवले. सुरक्षा परिषदेत नकाराधिकार किती आणि कुठे चालावा यावर सॅन फ्रान्सिस्कोत संयुक्त राष्ट्रांची घटना अडून पडली होती, ती गाठ त्यांनी स्टॅलिनशी बोलून सोडवली. पोलंडबाबत मात्र त्यांच्या हाती फारसे लागले नाही, आणि स्टॅलिनवर त्यांनी ठेवलेला विश्वास भाबडा होता ही टीका मला रास्त वाटते. ते सोव्हिएत हस्तक होते असा आरोप पुढे काहींनी केला. त्याला बहुसंख्य इतिहासकारांनी मान्यता दिलेली नाही.

सरकारी सेवेतून निवृत्त होताना त्यांच्या गाठीशी फारसे काही नव्हते. न्यूयॉर्कच्या बायकांचे कोट शिवणाऱ्या उद्योगात मालक आणि कामगार यांच्यातील तंटे सोडवणाऱ्या निष्पक्ष लवादाचे काम त्यांनी पत्करले, म्हणजे ज्या शहरातील गरीब वस्तीत त्यांनी सुरुवात केली होती तिथल्याच शिलाई कामगारांत ते परत गेले. सप्टेंबर १९४५ मध्ये ट्रूमन यांनी त्यांना विशिष्ट सेवा पदक दिले. २९ जानेवारी १९४६ रोजी, वयाच्या ५५ व्या वर्षी, न्यूयॉर्कच्या इस्पितळात त्यांचे निधन झाले.

ही लेखमाला पुढे पुस्तकरूपाने काढण्याचा आपला विचार असल्याचे पुरवणीतील चौकटीत वाचले. तसे झाल्यास रूझवेल्ट यांच्यावरील प्रकरणातील ते वाक्य बदलून हॉपकिन्स यांच्या कार्यासाठी निदान दोन-तीन पाने द्यावीत, १९३३ ते १९३८ या काळातील रोजगाराचे काम युद्धातील कामगिरीच्या आधी मांडावे, आणि एप्रिल १९४२ मधील लंडनचा प्रसंग वगळू नये, अशी माझी आपणास आणि लेखकांना विनंती आहे. पणजीच्या पाटो येथील मध्यवर्ती ग्रंथालयात या विषयावर वाचताना मी काढलेली टिपणे माझ्याकडे आहेत. लेखकांना हवी असतील तर ती आपल्या कार्यालयात आणून देईन.

आपला,
एक निवृत्त सरकारी कर्मचारी,
डिचोली